ई. बी. व्हाइट यांच्या ‘शार्लट्स वेब’ची हस्तलिखिते आणि मसुदे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोणत्या कागदपत्रांविषयी आहे?

अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइट यांची ‘शार्लट्स वेब’ ही मुलांसाठी लिहिलेली कादंबरी न्यूयॉर्कच्या हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने ऑक्टोबर १९५२मध्ये प्रसिद्ध केली. या कादंबरीची टिपणे, हाताने लिहिलेले कच्चे खर्डे, मधल्या टप्प्यांवरील मसुदे आणि तिच्याशी संबंधित पत्रव्यवहार न्यूयॉर्क राज्यातील इथका येथे, कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयातील दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखित विभागात जतन केलेला आहे. पुढील प्रश्न या कागदांविषयीचे आहेत.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात असे : जॉन अ‍ॅरेबल या शेतकऱ्याच्या डुकरिणीला झालेल्या पिल्लांतले सर्वांत अशक्त पिल्लू मारून टाकण्याचे ठरते. त्याची आठ वर्षांची मुलगी फर्न हट्टाने ते वाचवते आणि त्याचे नाव विल्बर ठेवते. पिल्लू मोठे झाल्यावर फर्नच्या मामाच्या, म्हणजे होमर झकरमनच्या, गोठ्यात जाते. थंडीच्या सुरुवातीला आपल्याला कापणार आहेत हे तिथे त्याला कळते. गोठ्याच्या दारात जाळे विणून राहणारी शार्लट नावाची कोळ्याची मादी आपल्या जाळ्यात अक्षरे विणून त्याची स्तुती करते, माणसे थक्क होतात आणि विल्बरचा जीव वाचतो. शार्लट मात्र अंडी घालून मरते.

ई. बी. व्हाइट हे केवळ बालसाहित्यिक होते का?

नाही. एल्विन ब्रुक्स व्हाइट (१८९९–१९८५) हे प्रामुख्याने निबंधकार म्हणून ओळखले जात आणि ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाशी त्यांचा संबंध विशीच्या मध्यापासून होता. मुलांसाठी त्यांनी तीनच कादंबऱ्या लिहिल्या : ‘स्टुअर्ट लिटल’ (१९४५), ‘शार्लट्स वेब’ (१९५२) आणि ‘द ट्रम्पेट ऑफ द स्वान’ (१९७०). या मसुद्यांकडे पाहताना त्यांचे निबंधकार असणे विसरून चालत नाही, कारण या खाडाखोडीत कथानकाइतकीच चिंता वाक्याच्या वजनाची आहे.

हे कागद कॉर्नेललाच कसे गेले?

व्हाइट हे कॉर्नेलचे विद्यार्थी. १९२१मध्ये ते तिथून पदवीधर झाले, विद्यापीठातील ‘कॉर्नेल डेली सन’ या दैनिकाचे ते संपादक होते आणि विल्यम स्ट्रंक या प्राध्यापकांच्या वर्गात त्यांनी वापरलेली लेखनविषयक छोटी पुस्तिका पुढे १९५९मध्ये त्यांनीच सुधारून ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ या नावाने जगापुढे आणली. मित्रमंडळींत त्यांना ‘अँडी’ म्हणत, तेही कॉर्नेलचीच देणगी : विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट यांच्यावरून, व्हाइट आडनावाच्या विद्यार्थ्याला हे टोपणनाव देण्याची तिथे प्रथाच होती. तेव्हा आपले कागद त्यांनी आपल्या विद्यापीठाला द्यावेत यात नवल नाही.

महत्त्वाची गोष्ट ही की हे कागद मरणोत्तर गोळा केलेले नाहीत. व्हाइट हयात असतानाच ते कॉर्नेलकडे आले. त्यांचे चरित्रकार स्कॉट एलेज, जे स्वतः कॉर्नेलमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक होते, यांनी १९८४मध्ये, म्हणजे व्हाइट यांच्या निधनाच्या आधी एक वर्ष, प्रसिद्ध केलेल्या चरित्रात या मसुद्यांचा सविस्तर उपयोग केला आहे. आपला खर्डा परका माणूस वाचणार हे ठाऊक असूनही लेखकाने फसलेली पाने फाडून टाकली नाहीत. पुष्कळ लेखक ती फाडतात.

अमेरिकेतील लेखक आपले खर्डे ग्रंथालयांना देतात ते केवळ उदारपणे का?

केवळ उदारपणे नव्हे. १९६९पर्यंत तिथल्या कायद्यानुसार लेखकाने स्वतःची हस्तलिखिते ग्रंथालयाला दान केली तर त्यांच्या बाजारभावाइतकी रक्कम त्याला करपात्र उत्पन्नातून वजा करता येत असे. त्या वर्षीच्या करसुधारणा कायद्याने ही सवलत काढून घेतली आणि तेव्हापासून लेखकाला जेमतेम कागद आणि शाई यांच्या खर्चाइतकी वजावट मिळते. मात्र संग्राहकाने विकत घेऊन तेच हस्तलिखित दान केल्यास त्याला पूर्ण सवलत मिळू शकते. हा अन्याय आहे असे तिथले लेखक पुढे अनेक वर्षे सांगत राहिले आणि त्यात तथ्य आहे.

ही कादंबरी लिहायला किती काळ लागला?

मेन राज्यातील नॉर्थ ब्रुकलिन येथे व्हाइट यांचे समुद्राकाठचे शेत होते. तिथल्या गोठ्यात कोळ्याची एक मादी अंड्यांचा कोष विणताना त्यांनी पाहिली, ती घटना १९४०च्या दशकाच्या अखेरची. पहिला पूर्ण खर्डा १९५१च्या प्रारंभी तयार झाला. सर्वसाधारण लेखकाने तो आता प्रकाशकाकडे धाडला असता. व्हाइट यांनी १ मार्च १९५१ रोजी आपल्या संपादिका अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांना कळवले की मुलांसाठी आणखी एक पुस्तक लिहून झाले आहे, पण ते पिकावे आणि त्यातली अंगाची ऊब निघून जावी म्हणून तूर्त बाजूला ठेवले आहे. त्यानंतर सुमारे वर्षभराने, १९५२च्या पूर्वार्धात, ते हस्तलिखित प्रकाशकाच्या हाती पडले आणि दरम्यानच्या काळात पुस्तकाची सुरुवातच बदलून गेली होती.

पुस्तकाचे प्रसिद्ध पहिले वाक्य प्रथमपासून तेच होते का?

नव्हते, आणि या संग्रहाकडे अभ्यासक वळतात त्याचे मुख्य कारण हेच आहे.

छापील पुस्तक एका प्रश्नाने सुरू होते : बाबा ती कुऱ्हाड घेऊन कुठे निघालेत, असे न्याहारीची मांडामांड करणाऱ्या आईला फर्न विचारते. एका ओळीत घर, मूल, शस्त्र आणि भीती ही चारही येतात आणि वाचणारे मूल पुढचे पान उलटल्याशिवाय राहत नाही. इतके सहज वाक्य लेखकाला बसल्या बैठकीला सुचले असेल असे वाटते. मसुदे तसे सांगत नाहीत.

एका प्रारंभिक खर्ड्यात कथा थेट शार्लटपासून सुरू होते. दारात राहणारी मोठी राखाडी कोळीण अशी तिची ओळख करून देऊन लेखक लगेच थबकतो आणि तिचा मित्र विल्बर याच्याविषयी सांगितल्याशिवाय तिच्याविषयी बोलण्यात अर्थ नाही असे म्हणतो. पहिल्याच परिच्छेदात निवेदकाने माघार घेतलेली अशी सुरुवात फार काळ टिकणे शक्य नव्हते. दुसऱ्या एका प्रयत्नात विल्बर आधी येतो. आणखी एकात गोठा आधी येतो : गोठ्यात घोडा असू शकतो, गाय असू शकते, अशी ती रचना आहे आणि प्राण्यांची यादी करत करत ती कथेकडे सरकते. आणखी एका खर्ड्यात जॉन अ‍ॅरेबल मध्यरात्री बूट चढवतो, कंदील पेटवतो आणि झाडीतून डुकरांच्या खोपटाकडे निघतो. तिथे पिल्ले जन्मत आहेत.

ही शेवटची पायरी मला सर्वांत बोलकी वाटते. व्हाइट आता गोठ्याबाहेर पडून अ‍ॅरेबल कुटुंबापर्यंत पोहोचले आहेत, अशक्त पिल्लू सापडले आहे, शेतकरीही सापडला आहे. पण दृष्टी अजून मोठ्या माणसाची आहे. कंदील घेऊन चाललेला शेतकरी हा उत्तम चित्रपटाचा प्रारंभ होईल, परंतु त्यात कोणालाही काही विचारायचे नाही. पुढच्या टप्प्यावर त्यांनी तो मध्यरात्रीचा प्रवास टाकून दिला, रात्र उलटू दिली आणि पिल्लाच्या जन्माची बातमी स्वयंपाकघरात, मुलीच्या कानावर पडू दिली. पहिल्या प्रकरणाचे नावच ‘न्याहारीपूर्वी’ असे आहे.

गोठ्याने होणाऱ्या जुन्या सुरुवातीचे पुढे काय झाले?

ती वाया गेली नाही. गोठ्याचा आकार, त्याचे वय, त्यातला गवताचा, शेणाचा, घामेजल्या घोड्यांचा आणि गायींच्या श्वासाचा वास यांचे दीर्घ वर्णन आधीच्या पूर्ण मसुद्यात अगदी आरंभी होते. छापील पुस्तकात ते तिसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला आहे. छापील प्रत हातात घेऊन तिसरे प्रकरण पहिले समजून वाचले तर जुन्या पुस्तकाची चव घरबसल्या घेता येते. तो प्रारंभ सुंदर आहे, पण संथ आहे आणि तिथे अजून कोणाचाही जीव धोक्यात आलेला नाही.

फर्न नंतर आली असे म्हणतात, ते खरे आहे का?

होय. आधीच्या पूर्ण खर्ड्यात कथा प्राण्यांची होती आणि फर्नला आज जे स्थान आहे ते तिथे नव्हते. हस्तलिखित बाजूला ठेवल्याच्या काळात व्हाइट यांनी तिला केंद्रात आणले, आरंभीची प्रकरणे नव्याने लिहिली आणि मधल्या भागातही तिच्यासाठी जागा केली. अंतिम पुस्तकात एकूण २२ प्रकरणे आहेत.

हे कळल्यावर पुस्तकाविषयीच्या एका जुन्या वादाकडे निराळ्या दृष्टीने पाहता येते. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या माजी प्रमुख अ‍ॅन कॅरल मूर यांचा शब्द अमेरिकन बालसाहित्यात त्या काळी अंतिम मानला जाई. फर्न हे या पुस्तकाचे खरे केंद्र असूनही लेखकाने तिचा विकास केलेला नाही, असा आक्षेप त्यांनी ‘हॉर्न बुक’ या नियतकालिकातून घेतला. हा आक्षेप निराधार नाही. पहिल्या दोन प्रकरणांत फर्न बोलते, भांडते, बाटलीने दूध पाजते. नंतर ती गोठ्यातल्या स्टुलावर बसून ऐकत राहते आणि अखेरीस जत्रेतल्या पाळण्यात हेन्री फसी या मुलाबरोबर बसण्यात तिला विल्बरला तिथे मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधिक रस वाटू लागतो. आधी पूर्ण झालेल्या कथेत नंतर आणलेले पात्र साधारण असेच दिसते.

तरीही मूर यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. व्हाइट यांना फर्न नायिका म्हणून हवी नव्हती. माणसांच्या जगातून गोठ्यात शिरायला त्यांना एक दार हवे होते, आणि एकदा आत गेल्यावर दाराकडे कोणी पाहत नाही. फर्नचे हळूहळू मागे पडणे हा तिच्या वाढण्याचा भाग म्हणूनही वाचता येतो. शिवाय कथेतल्या डॉक्टर डोरियन यांच्याकडे जाऊन तिची आई मुलीच्या गोठ्यात रमण्याविषयी जी चिंता व्यक्त करते, ती फर्नशिवाय कथेत येऊच शकली नसती. मसुदे हा वाद मिटवत नाहीत, पण फर्नचे पात्र अर्धवट का वाटते याचे लेखनाच्या इतिहासातले कारण ते दाखवतात.

संग्रहात कोळ्यांविषयीची टिपणे का आहेत?

कारण व्हाइट यांनी शार्लट कल्पनेने रचण्यापूर्वी अभ्यासाने रचली. गोठ्यातल्या त्या मादीचा कोष त्यांनी ब्लेडने कापून घेतला, मिठाईच्या रिकाम्या खोक्यात ठेवला, खोक्याला भोके पाडली आणि मेनहून न्यूयॉर्कला परतताना तो बरोबर नेऊन शयनगृहातल्या कपाटावर ठेवला. काही आठवड्यांनी त्या भोकांतून बारीक पिल्ले बाहेर पडली आणि आरसा, कंगवा, कात्री यांच्यावर तंतू ताणू लागली. घरात झाडलोट करणाऱ्या बाईंनी तक्रार करेपर्यंत हा संसार तसाच चालू राहिला. ही हकीकत व्हाइट यांनी स्वतः २९ सप्टेंबर १९५२च्या पत्रात, पुस्तक का लिहिले हे सांगताना दिली आहे.

त्यानंतर त्यांनी पुस्तके धुंडाळली. जॉन हेन्री कॉमस्टॉक यांचे ‘द स्पायडर बुक’ आणि विलिस गर्टश यांचे १९४९मध्ये आलेले ‘अमेरिकन स्पायडर्स’ ही त्यांतली दोन महत्त्वाची. गर्टश न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत कोळ्यांचे तज्ज्ञ होते आणि व्हाइट यांनी त्यांची भेटही घेतली. कॉमस्टॉक हे कॉर्नेलमध्येच कीटकशास्त्राचे प्राध्यापक होते, पण व्हाइट तिथे शिकायला येण्याआधीच, १९१४मध्ये, ते निवृत्त झाले होते. आज दोघांचेही नाव त्याच आवाराशी जोडलेले आहे, इतकाच काय तो योगायोग.

टिपणांचा पुस्तकावर झालेला परिणाम शोधायला फार खोल जावे लागत नाही. सुरुवातीला आपली कोळीण निराळ्या जातीची आहे अशी व्हाइट यांची समजूत होती आणि त्यामुळे नायिकेचे नाव शार्लट एपायरा असे होते. ती जात गोठ्यात राहणारी, त्या काळच्या शास्त्रीय नावाने अरानिया कॅव्हॅटिका, आहे हे कळल्यावर ती शार्लट ए. कॅव्हॅटिका झाली. अखेरच्या प्रकरणात गोठ्यात राहिलेल्या तिच्या तीन मुलींपैकी एकीचे नाव अरानिया आहे, तेही तिथूनच आलेले. आपल्या पायाचे सात भाग शार्लट विल्बरला म्हणून दाखवते, ती यादी कोणत्याही शास्त्रीय पुस्तकातल्या यादीशी जुळते. कोष विणल्यावर ती जगत नाही, हेही निसर्गाला धरून आहे : या जातीच्या माद्या शरद ऋतूत अंडी घालून मरतात आणि पिल्ले वसंतात बाहेर येतात. न्यूयॉर्कच्या घरातल्या उबेमुळे व्हाइट यांची पिल्ले लवकर फुटली असावीत. पुस्तकात मात्र त्यांनी ऋतूचा नियम पाळला.

डुकराच्या बाजूने असे काही लेखी पुरावे आहेत का?

आहेत, पण त्यांतला सर्वांत मोठा पुरावा छापील आहे. जानेवारी १९४८मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात व्हाइट यांचा ‘डेथ ऑफ अ पिग’ हा निबंध आला. मांसासाठी पाळलेले एक डुक्कर आजारी पडते, आणि त्याला थंडीत कापणार असलेला मालकच रात्री जागून त्याची शुश्रूषा करतो. डुक्कर वाचत नाही. ज्याला मारायचे त्याचीच सेवा करण्यातला हा विसंवाद व्हाइट यांना बोचत होता आणि १९५२च्या त्या पत्रातही त्यांनी तो बोलून दाखवला आहे. निबंधातले डुक्कर मेले आणि कादंबरीतले वाचले, एवढ्यावरून कादंबरी ही निबंधाची भरपाई होती असे सरळ समीकरण पुष्कळदा मांडले जाते. ते आकर्षक आहे, पण कादंबरीतही मृत्यू टळलेला नाही, तो दुसऱ्याच्या वाट्याला गेला आहे.

संपादिकेने मसुद्यात किती बदल केले?

फार थोडे. अर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार व्हाइट एके दिवशी न कळवता कार्यालयात आले आणि त्यांनी हस्तलिखित हातात ठेवले. कार्बन प्रत आहे का असे विचारल्यावर ही एकच प्रत आहे असे उत्तर मिळाले. छायाप्रतींच्या यंत्राआधीच्या त्या काळात याचा अर्थ काय होता हे वेगळे सांगायला नको. त्यांचा एक बदल मात्र मोलाचा ठरला : एकविसाव्या प्रकरणाला व्हाइट यांनी ‘शार्लटचा मृत्यू’ असे शीर्षक दिले होते, ते नॉर्डस्ट्रॉम यांच्या सूचनेवरून ‘अखेरचा दिवस’ असे झाले. अनुक्रमणिका चाळणाऱ्या मुलाला शेवट आधीच कळू नये, हा या बदलाचा उघड लाभ.

मृत्यूचा प्रसंग मवाळ करण्याचा विचार व्हाइट यांनी केला नाही. १९७०मध्ये त्यांनी स्वतःच्या आवाजात संपूर्ण पुस्तक ध्वनिमुद्रित केले तेव्हा नेमक्या या प्रकरणाशी त्यांचा कंठ वारंवार दाटून येई आणि तो भाग पुन्हा पुन्हा घ्यावा लागे.

चित्रांचे मसुदेही तिथेच आहेत का?

कादंबरीची चित्रे गार्थ विल्यम्स यांची आहेत आणि चित्रकाराचे मूळ काम हा लेखकाच्या कागदांपेक्षा निराळा विषय आहे. मुखपृष्ठाचे मूळ चित्र तर २०१०मध्ये लिलावात दीड लाख डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले. लेखकाच्या पत्रव्यवहारातून एक गोष्ट स्पष्ट दिसते, ती म्हणजे शार्लटला माणसाचा चेहरा देण्यास व्हाइट यांचा विरोध होता. तशा चेहऱ्याची रेखाटने झाली आणि ती नाकारली गेली. पुस्तकात दिसते ती आठ पायांची, जवळजवळ चेहरा नसलेली कोळीण.

मसुदे वाचून लेखकाच्या मनात काय चालले होते हे कळते का?

काही प्रमाणात. एखादा शब्द खोडून दुसरा लिहिलेला दिसतो तेव्हा निर्णय दिसतो, त्याचे कारण दिसत नाही. कुऱ्हाडीचा प्रश्न ज्या दिवशी सुचला त्या दिवशी व्हाइट काय करत होते हे कोणत्याही खोक्यात सापडणार नाही. याहून मोठी अडचण अशी की या पुस्तकाच्या घडणीतला सर्वांत निर्णायक काळ, म्हणजे ते बाजूला ठेवल्याचे महिने, हाच सर्वांत कमी कागद मागे सोडणारा काळ आहे. आधीचा खर्डा आहे, नंतरचा खर्डा आहे. मध्ये लेखक बहुधा मेंढ्या पाहत होता, कुंपण नीट करत होता किंवा साप्ताहिकासाठी लिहीत होता.

म्हणून मसुद्यांचा क्रम लावताना सावध राहावे लागते. सुटी पाने आपणहून पहिली, दुसरी, तिसरी असे सांगत नाहीत. कोणता प्रारंभ कोणत्या प्रारंभानंतरचा हे अभ्यासक पात्रांच्या नावांवरून आणि पुढच्या मसुद्यात काय टिकले त्यावरून ठरवतात. ‘एपायरा’ हे नाव असलेले पान ‘कॅव्हॅटिका’ असलेल्या पानाच्या आधीचे, हे अशा पुराव्याचे सोपे उदाहरण. सगळीच उदाहरणे इतकी सोपी नसतात.

हे कागद प्रत्यक्ष पाहता येतात का?

येतात. हस्तलिखित विभाग विद्यापीठाच्या आवारात, क्रोक ग्रंथालयात आहे आणि तिथला वाचनकक्ष केवळ कॉर्नेलच्या प्राध्यापकांसाठी राखून ठेवलेला नाही. वाचक म्हणून नाव नोंदवावे लागते, छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागते, पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात आणि कागदाजवळ पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. साहित्य घरी मिळत नाही. ‘व्हाइट यांचे कागद दाखवा’ असे सांगून भागत नाही, तर संग्रहाच्या सूचीतून नेमके खोके आणि फोल्डर आधी निवडावे लागतात. तेव्हा अमेरिकेतल्या नातलगांकडे जाताना वाटेत अर्धा दिवस इथकाला थांबू, असा बेत असेल तर सूची घरून निघण्यापूर्वीच वाचून विभागाशी आगाऊ पत्रव्यवहार करावा. अर्ध्या दिवसात एखादेच फोल्डर नीट वाचून होते.

तिथे जाणे शक्य नसेल तर?

पीटर न्यूमायर यांनी संपादित केलेली ‘शार्लट्स वेब’ची सटीप आवृत्ती १९९४मध्ये निघाली. तिच्यात मूळ मजकुराच्या बाजूला टिपा असून मसुद्यांतील निवडक भाग आणि काही पानांच्या प्रतिमाही आहेत. एलेज यांचे चरित्र आणि मायकल सिम्स यांचे २०११चे ‘द स्टोरी ऑफ शार्लट्स वेब’ हे पुस्तक कथेच्या जन्माचा इतिहास सांगते. पत्रांसाठी १९७६मध्ये प्रथम निघालेला व्हाइट यांचा पत्रसंग्रह पाहावा. एकच पुस्तक मिळवणे शक्य असेल तर न्यूमायर यांची आवृत्ती घ्यावी, कारण तिच्यात लेखकाची खाडाखोड स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते.

व्हाइट यांचे सर्व कागद कॉर्नेलमध्येच आहेत का?

त्यांचा मुख्य संग्रह तिथे आहे. पण लेखकाचा पत्रव्यवहार नेहमीच समोरच्या माणसाच्या घरीही असतो. त्यांच्या पत्नी कॅथरिन व्हाइट ‘द न्यूयॉर्कर’च्या साहित्य-संपादक होत्या आणि त्यांचे कागद पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर महाविद्यालयात आहेत. साप्ताहिकाचे स्वतःचे दफ्तर न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहे.

इतर बालकादंबरीकारांचे खर्डे असे कुठे जपलेले आहेत?

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचा कर्लन संग्रह आणि सदर्न मिसिसिपी विद्यापीठाचा द ग्रमंड संग्रह हे बालसाहित्याच्या हस्तलिखितांसाठीच ओळखले जातात. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलचे ‘सेव्हन स्टोरीज’ हे बालपुस्तकांचे केंद्र आहे आणि रोआल्ड डाल यांचे खर्डे त्यांच्याच गावी, ग्रेट मिसेंडनच्या संग्रहालयात आहेत. टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’चे हस्तलिखित मात्र इंग्लंडमध्ये नाही. ते अमेरिकेतील मिलवॉकीच्या मार्केट (Marquette) विद्यापीठाने १९५०च्या दशकातच विकत घेतले. लुइस कॅरल यांनी अ‍ॅलिस लिडेल या मुलीला १८६४मध्ये भेट दिलेली तिच्या नावाच्या कथेची हस्तलिखित प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे, पण ती भेट देण्यासाठी सुवाच्य उतरवलेली प्रत आहे. व्हाइट यांच्या कागदांत दिसते तशी वाट चुकणे आणि परत फिरणे तिच्यात शोधू नये.

मसुद्यातील पाने मराठीत अनुवादित करून छापता येतील का?

परवानगीशिवाय नाही. अभ्यासासाठी टिपणे काढणे किंवा समीक्षेत एखाद-दुसरे वाक्य उद्धृत करणे वेगळे आणि पान छापणे वेगळे. कागद ग्रंथालयाच्या ताब्यात असले तरी त्यांतील मजकुराचा हक्क लेखकाच्या वारसांकडे असतो, त्यामुळे ग्रंथालयाने छायाप्रत दिली म्हणजे प्रकाशनाची मुभा मिळाली असे होत नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचा हक्क त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. व्हाइट १९८५मध्ये वारले, म्हणून छापील कादंबरी भारतात २०४५ अखेरपर्यंत संरक्षित आहे. अमेरिकेत १९५२च्या या पुस्तकाला ९५ वर्षांचे संरक्षण असल्याने तिथे ती मुदत २०४७ अखेर संपते. अप्रकाशित मसुद्यांना अमेरिकेत निराळा नियम लागू होतो : लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, म्हणजे २०५५ अखेर. त्यामुळे ‘शार्लट्स वेब’ मुक्त झाल्यानंतरही तिचे कच्चे खर्डे तिथे आणखी आठ वर्षे बांधलेले राहतील आणि अनुवादकाला परवानगीचे पत्र दोन्हींसाठी स्वतंत्रपणे मागावे लागेल.